तिच्या आईचा हेवा

पहिल्या शनिवारी ती पोरगी माझ्यासमोर येऊन बसली आणि तिने आधी टेबलावरची वही आपल्या बाजूला ओढून घेतली. अकरा वर्षांची, दोन घट्ट वेण्या, शाळेचा मरून स्वेटर. मी विचारलं, "गणित आवडतं?" ती म्हणाली, "येतं." आवडतं की नाही, ते तिने सांगितलंच नाही.

आमची चंदीगडला बदली होऊन तेव्हा सहा-सात महिने झाले होते. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे दर तीन-चार वर्षांनी सामान बांधणं अंगवळणी पडलेलं. मी सोलापूरची. लग्नाआधी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायचे. मग प्रत्येक बदलीबरोबर एकेक नोकरी सोडत गेले आणि इथे येईपर्यंत सोडण्यासारखी नोकरीच उरली नव्हती. लेक दहावीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं, आणि त्या वर्षी तर तेही एका शब्दात यायचं. क्वार्टर मोठं, मागे-पुढे बाग, आणि दुपारभर त्यात मी एकटी.

शेजारच्या सेक्टरमध्ये एक छोटी संस्था होती. ज्यांची आई किंवा वडील तुरुंगात आहेत अशा मुलांसाठी ती काम करायची. प्रत्येक मुलाला एक मोठं माणूस जोडून द्यायचे. त्या माणसाने दर शनिवारी मुलाबरोबर बसायचं, अभ्यास घ्यायचा, गप्पा मारायच्या आणि मध्येच सोडून जायचं नाही. संस्था चालवणाऱ्या मॅडम निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "गुन्हा काय ते मुलाला विचारायचं नाही. आणि आई व्हायला जायचं नाही. या मुलांना आई आहे." मी मान डोलावली. यात अवघड काय, असंच मला वाटलं होतं.

पोरगी चंदीगडजवळच्या खरड गावात आजीजवळ राहायची. आईची आई, म्हणून नानी. एका दुमजली घराच्या गच्चीवर त्यांची एक खोली होती. नानी दिवसभर मशीनवर बायकांचे सूट शिवायची. वडील पोरगी लहान असतानाच ट्रकच्या अपघातात गेले होते. आई दीड वर्षापासून तुरुंगात, खटला अजून चालू. पोरीशी आणि नानीशी माझं बोलणं हिंदीत व्हायचं, नानी मधूनच पंजाबीत शिरायची. इथे मी ते बहुतेक माझ्याच भाषेत लिहिते आहे.

पहिले दोन महिने आम्ही फक्त गणितं सोडवली. पोरगी हुशार होती. एखादी रीत एकदा दाखवली की पुन्हा दाखवावी लागायची नाही. उलट ती माझ्या पुढे जाऊन बसायची आणि पेन्सिलचं टोक दाताखाली धरून माझी वाट बघायची. इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझ्या शिकवण्याचा उपयोग होत होता. शुक्रवारपासूनच मला हुरूप यायचा. मग नानीच्या लेखी परवानगीने मी तिला शनिवारी दुपारी घरी जेवायला आणू लागले. चपाती, बटाट्याची भाजी, दही आणि शेंगाचटणी. चटणी तिला फार आवडायची. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं तरी तिने आणखी मागितली. मी खुशीत विचारलं, "कशी झालीय?" तर म्हणाली, "मस्त. पण मम्मी लसणाची करते ना, ती याहून तिखट असते."

ही पहिली वेळ. मी हसले, तिला आणखी चपाती वाढली. पण भांडी घासताना मला ते पुन्हापुन्हा आठवत राहिलं. दीड वर्षात जिने एकदाही चूल पेटवली नव्हती, ती बाई माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझ्या चटणीत खोट काढून गेली होती.

असं होतच राहिलं. मी वेणी घातली की ती म्हणायची, मम्मी मधून भांग काढते. मी निळा फ्रॉक घेतला तर म्हणायची, मम्मीचाही आवडता रंग निळाच. बोलण्यात तक्रार नसायची की लाडीगोडीही नसायची. ती फक्त माहिती द्यायची. आपल्या जगात मोजमाप कशाने होतं ते मला सांगत असावी तशी.

एका रविवारी मी तिला सुखना तलावावर नेलं. हिवाळा संपत आला होता, ऊन कोवळं होतं. आम्ही पायाने चालवायची बोट घेतली. लेकीला विचारलं होतं, पण तिने "मन नहीं है" म्हणून दार लोटून घेतलं. पोरगी बोटीत ताठ बसली आणि एकेक गोष्ट न्याहाळू लागली. पाण्याचा रंग, डोंगर कुठून सुरू होतात, बदकं किती, दुसऱ्या बोटीतल्या म्हातारीने चपला हातात का धरल्यात. एकदाही हसली नाही. मला वाटलं, घाबरली असेल. मी विचारलं, "मजा येत नाहीये का?"

"येतेय. पण लक्षात ठेवतेय ना. मम्मीला सांगायचंय."

"थोडंसं विसरलं तरी चालेल की."

मला काहीच कळत नसल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. "नीट नाही सांगितलं तर तिला दिसत नाही," ती म्हणाली.

परतताना मला कळलं. तिला मी तलाव दाखवला नव्हता. तिच्या हातून तिच्या आईला दाखवला होता. मी तिला जे जे देईन ते ती चाखून न बघता बाजूला काढून ठेवणार आणि पंधरा दिवसांनी तिकडे नेऊन रिकामं करणार. एका परक्या, कधी न पाहिलेल्या बाईला सहलीला न्यायला मी निघाले नव्हते.

दर पंधरवड्याला त्यांची भेट असायची. इथे सगळे मुलाकात म्हणतात, नानीही तसंच म्हणायची. आधी नाव नोंदवावं लागे, ठरलेल्या वेळेला पोचावं लागे. मध्ये काच, आणि दोन्हीकडे टेलिफोनसारखे रिसीव्हर. नानीचे गुडघे दुखायचे, खरडहून दोन बस बदलून येणं तिला जड जायचं, म्हणून मी त्या दोघींना गाडीने न्यायला लागले. मी नातेवाईक नव्हते, त्यामुळे बाहेर गाडीतच बसायचे. आत जाताना पोरगी नानीच्या पुढे चालायची आणि परत येताना मागे रेंगाळायची. येताना तिचा चेहरा निराळा असायचा, नुकता धुतल्यासारखा. माझ्याबरोबर असताना तो तसा कधी झालेला मी पाहिला नव्हता, आणि मी बघायचे, अगदी टपून बघायचे.

त्या वर्षी गणपतीत मी तिला मराठी मंडळात घेऊन गेले. हॉलमध्ये आमची सगळी बदलीवरची माणसं, फौजेतली, बँकेतली, सरकारी खात्यांतली. आरती झाली, मोदक वाटले गेले. लहान मुलं धावत होती आणि आपापल्या आयांना हाका मारत होती. पोरगी माझ्याशेजारी सतरंजीवर बसून ऐकत होती. मग तिने माझी ओढणी ओढली.

"आंटीजी, हे 'आई आई' म्हणजे?"

"मम्मी. आमच्यात आईला आई म्हणतात."

"आई," तिने हळूच म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "बरोबर म्हटलं?"

माझं काळीज सुपाएवढं झालं. माझी स्वतःची लेक त्या दिवसांत मला "मॉम" म्हणायची, तेही मैत्रिणींसमोर टाळायची. मी म्हटलं, "अगदी बरोबर." ती आज नाही तर उद्या मला या नावाने हाक मारेल, असं मी त्या क्षणी धरूनच चालले. मॅडमने काय बजावलं होतं ते मला आठवतही नव्हतं. पुढचा सगळा आठवडा मी वाट बघितली. शनिवारी ती आली आणि म्हणाली, "आंटीजी, नमस्ते."

त्यानंतरच्या मुलाकातीहून दोघी परत आल्या तेव्हा नानी गाडीत बसता बसता हसत होती. "आज हिने आईचं नवीन नाव ठेवलंय. आई, आई म्हणतेय! आणि तीही काचेपलीकडे खूश. म्हणते, हा आपला दोघींचा गुप्त शब्द."

पोरगी मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसली होती. मी गाडी सुरू केली. चौकात दिवा हिरवा झाला तरी मी तशीच थांबले, मागून हॉर्न वाजले तेव्हा निघाले. तो शब्द माझा होता. माझ्या घरातून, माझ्या सणातून तिने तो उचलला आणि ज्या बाईला त्याचा उच्चारसुद्धा येत नव्हता तिला देऊन टाकला. मला राग पोरीचा आला नाही. मला राग त्या बाईचा आला. काही न करता, एका जागी बसून, ती सगळं मिळवत होती.

गुन्हा काय ते मी कधी विचारलं नव्हतं. नानीनेच एकदा गाडीत, पोरगी शाळेत असताना, आपणहून सांगितलं. नवरा गेल्यावर तिची मुलगी सासरीच राहिली होती. धाकट्या दिराचं लग्न झालं आणि वर्षभरात त्याची बायको घरात जळून गेली. तिच्या माहेरच्यांनी दीर, सासू आणि मोठी जाऊ म्हणजे पोरीची आई, अशा तिघांवर केस केली. सासू पुढे तुरुंगातच आजारपणात गेली. "माझी मुलगी त्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालत होती," नानी म्हणाली. "पण कोण ऐकणार?"

मी "हं" म्हटलं. त्यानंतर जे माझ्या मनात आलं ते लिहायला मला आजही जड जातंय. मला वाटलं, कशावरून ती गच्चीवर होती? मुलीची आई असंच म्हणणार. मग मला त्या विचाराची चटक लागली. पोरीने मम्मीचं काही कौतुक केलं की मी मनात म्हणायचे, तुला माहीत नाही तुझी मम्मी कोण आहे. निकाल जवळ येत होता तशी मी मनातल्या मनात तिला दोषी ठरवून ठेवलं होतं, आणि ती ठरावी असंही मला वाटत होतं. मग पोरगी माझ्याकडे येणार होती, आणखी काही वर्षं तरी. एका बाईला शिक्षा व्हावी आणि तिची मुलगी मला मिळावी, एवढा सरळ हिशेब होता तो. देवासमोर दिवा लावताना मी हे उघड कधी मागितलं नाही. पण न मागता हात जोडून उभी राहायचे तेव्हा मनात काय असायचं ते मला ठाऊक आहे.

लेकीच्या नजरेतून यातलं काहीच सुटत नव्हतं. एका शनिवारी पोरीला तेल लावून मी विंचरत होते आणि लेक दारात उभी राहून बघत होती. पोरगी गेल्यावर तिने विचारलं, "मेरे बाल लास्ट टाइम कब बनाए थे?"

"तूच हात लावू देत नाहीस."

"पूछा कब?" मग थोडं थांबून म्हणाली, "उसकी मम्मी जेल में है इसलिए? मुझे भी ऐसा कुछ चाहिए क्या, कि तू मेरी तरफ देखे?"

मी तिला गप्प केलं. असं बोलतात का, म्हणून रागावले. ती खोलीत निघून गेली. माझ्या घरात माझ्याच मुलीचं पोट दुखत होतं आणि मी ते दुखणं ओळखायला हवं होतं, कारण रोज मी तेच घेऊन फिरत होते. पण मला तेव्हा फक्त स्वतःचंच कळत होतं.

मुल्लानपूरच्या बाजूला एक नवी निवासी शाळा सुरू झाली होती. हुशार आणि अडचणीतल्या मुलांना तिथे राहणं-जेवणासकट मोफत शिक्षण मिळायचं. मी पोरीचा अर्ज भरला. परीक्षेचं पत्र माझ्या पत्त्यावर आलं. शनिवारी परीक्षा, दोन बॅचेस, सकाळी दहा आणि दुपारी अडीच, विद्यार्थ्याने सोयीप्रमाणे कुठल्याही बॅचला यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पत्र वाचून फाइलमध्ये ठेवलं.

परीक्षेच्या चार दिवस आधी नानीचा फोन आला. "बेटा, मुलाकात शनिवारी अकरालाच मिळालीय. पंधरा दिवसांनी निकाल आहे, त्याआधी दुसरी वेळ नाही म्हणतात. परीक्षा किती वाजता?"

मी म्हणाले, "दहा वाजता."

खोटं नव्हतं ते. नानीने दुसरा प्रश्न विचारला नाही, आणि विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं ते मी खात्रीने सांगू शकत नाही. ती एवढंच म्हणाली, "मग परीक्षाच देऊ दे तिला. मी एकटी जाऊन येते, तिच्या आईला समजावते." मी फोन ठेवला आणि मला अगदी हलकं वाटलं. या एका शनिवारी पोरगी माझी होती.

परीक्षेला नेताना ती सबंध रस्ताभर बोलली नाही. फाटकातून आत जाताना वळून म्हणाली, "अकरा वाजले की मला कळेल का आत?" मी म्हटलं, "पेपराकडे लक्ष दे." बाहेर बांधकामावरून धूळ उडत होती. मी गाडीत बसून राहिले. अकरा वाजले तेव्हा मी घड्याळात पाहिलं, आणि मला आनंद झाला. काचेपलीकडे तिची आई आज बसलेली असेल आणि समोरच्या खुर्चीत ही नसेल, याचा आनंद. तो एवढा स्वच्छ होता की मी स्वतःलाच घाबरले. लगेच रेडिओ लावला.

नंतर कळलं, नानी तर वेळेत पोचलीच नव्हती. पहिली बस गर्दीने थांबली नाही, दुसरी उशिरा आली, गुडघ्यांमुळे रस्ता ओलांडायला वेळ लागला. दारावर पोचली तोवर वेळ टळली होती. कितीही विनवलं तरी आत सोडलं नाही. म्हणजे त्या दिवशी काचेसमोर कुणीच आलं नाही.

पुढच्या शनिवारी पोरगी संस्थेत आली. अभ्यास करता करता तिला जुना प्रश्नसंच हवा होता. मी माझी फाइल तिच्याकडे सरकवली, काही लक्षात न येता. थोड्या वेळाने तिने एक कागद टेबलावर माझ्यासमोर ठेवला. बोट ओळीवर होतं.

"आंटीजी, दुपारची पण बॅच होती."

"अगं हो का? लक्षातच आलं नाही माझ्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, आवाज चढवला नाही. "तुम्ही तर प्रत्येक गणित दोनदा वाचायला सांगता," ती म्हणाली. मग कागद फाइलमध्ये होता तिथे परत लावला, वही उघडली आणि पुढचं गणित सोडवायला घेतलं. त्या दिवशी घरी जेवायला आली नाही. मॅडमना सांगून संस्थेच्या गाडीने इतर मुलांबरोबर परत गेली.

मी मॅडमच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. दुपारची बॅच, फोन, अकरा वाजता झालेला आनंदसुद्धा. मला वाटलं होतं त्या मला काढून टाकतील. त्यांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? ज्या बाईचं घेतलंत तिला सांगा." मी म्हटलं, ती आत आहे. "आत असो नाहीतर बाहेर," त्या म्हणाल्या, "पोरीच्या मार्फत मात्र सांगायचं नाही."

त्यानंतर चार दिवसांनी निकाल लागला. दिराला शिक्षा झाली. पोरीची आई निर्दोष सुटली. ज्या वेळी ते घडलं त्या वेळी ती गच्चीवर होती हे शेजारच्या बाईने कोर्टात सांगितलं होतं. हे मला नानीने फोनवर रडत रडत सांगितलं. मी अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर आधी मला लाज वाटली आणि मग पोरगी आता जाणार म्हणून रडू आलं. याच क्रमाने झालं असं मला वाटतं. उलट असेल तरी आता सांगता येणार नाही.

महिन्याभराने त्या तिघी माझ्या घरी आल्या. नानीने पिन्नीचा डबा आणला होता, तुपात भाजलेल्या कणकेचे ते लाडू इकडे हिवाळ्यात घरोघरी करतात. ती बाई माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान असेल. बुटकी, सावळी, अंगावर निळा सूट, केस कानामागे घट्ट बांधलेले. इतके महिने मी मनात जिच्याशी भांडले ती अशी असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी कुणीतरी मोठी, देखणी, उद्धट बाई मनाशी धरली होती. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली. पोरगी तिला चिकटून.

"आपने बहुत किया," ती म्हणाली. पाठ केल्यासारखं. मग नजर फिरवून तिने खोली पाहिली. फ्रीजवर पोरीचा एक फोटो चिकटवलेला होता, सुखना तलावावरचा, बोटीतला. ती उठून जवळ गेली आणि बघत राहिली.

"ही ती बोट?" तिने पोरीला विचारलं. "तू म्हणालीस, पांढरी होती. पिवळी आहे ही."

"दोन होत्या मम्मी. आपली पिवळी. पांढरी दुसरी."

"बरं," ती म्हणाली आणि मनात काहीतरी दुरुस्त केल्यासारखी मान हलवली. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हा मी नेऊ?" मी लगेच काढून दिला. दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती.

मी नानीला आणि पोरीला लेकीबरोबर बागेत पाठवलं आणि पोरीच्या आईला सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगू शकले नसते. परीक्षा दुपारी देता आली असती, मला ठाऊक होतं आणि मी मुद्दाम बोलले नाही. का, ते तिने विचारलं. मी म्हटलं, "तुमचा हेवा वाटायचा."

ती हसली, पण ते चांगलं हसू नव्हतं. "माझा? तिथे?"

"हो."

तिने फोटोची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. मग बोलली ते हळू आवाजात. "त्या दिवशी मी आंघोळ करून, केस विंचरून बसले होते. नाव पुकारलं नाही. मला वाटलं, पोरीला काहीतरी झालंय आणि मला सांगत नाहीयेत. सोबतच्या बायकांनी धरून ठेवलं मला. निकालाच्या दिवशी कोर्टात नेलं तोवर मी मान्यच करत नव्हते की ती जिवंत आहे. तिला दारात उभी बघितली तेव्हाच पटलं."

मी "माफ करा" म्हटलं.

"आत्ता नाही होणार," ती म्हणाली. "पुढचं माहीत नाही. तुम्ही तिला खूप दिलंत, तेही मला माहीत आहे. दर वेळी ती यायची आणि आंटीजी असं म्हणाल्या, आंटीजींनी हे केलं. मी ऐकायचे. ऐकावंच लागायचं, कारण बोलत असायची तीच." एवढं म्हणून तिने फोटो पर्समध्ये ठेवला. "निवासी शाळेत तिचं नाव लागलंय. पण मी तिला पाठवणार नाही. आता ती माझ्यापासून लांब राहणार नाही. आणि शनिवारी पण येणार नाही."

मला म्हणायचं होतं, असं नका करू, तिच्या भवितव्याचा विचार करा. अगदी ओठांवर आलं होतं. पण ते बोलायचा हक्क मी स्वतःच घालवून बसले होते, आणि त्या वाक्यात पोरीचं भलं किती आणि माझं किती हेही मला वेगळं काढता येत नव्हतं. मी मान हलवली. जाताना पोरीने मला वाकून नमस्कार केला. असा तिने आधी कधी केला नव्हता, आणि मला तो नको होता.

त्या संध्याकाळी लेक माझ्याजवळ येऊन बसली. बागेतून तिने किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. म्हणाली, "रो मत यार." मी तिला विचारलं, "वेणी घालू?" तिने नाक मुरडलं, पण पाठ करून बसली. तिचे केस मला वाटत होतं त्यापेक्षा कितीतरी लांब झाले होते.

त्या मायलेकी झिरकपूरला राहायला गेल्या. आईला तिथल्या एका मोठ्या सोसायटीच्या पाळणाघरात काम मिळालं. मी संस्थेत जात राहिले, पण दुसरं मूल शिकवायला घेतलं नाही. मॅडम म्हणाल्या, काही महिने थांबा, कपाटं लावा, पुस्तकांची यादी करा. मी केलं.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज तिच्या आईचा होता. ख्यालीखुशाली काही नाही. "आठवीचं गणित मला येत नाही," ती म्हणाली. "इथल्या ट्यूशनमध्ये चाळीस पोरं एकदम बसवतात. तुम्ही फोनवर, चित्र दिसतं त्या कॉलवर, शिकवाल का? पण मी शेजारी बसेन. पूर्ण वेळ."

मी म्हटलं, "बसा."

तेव्हापासून रविवारी सकाळी आमचा तास होतो. पडद्यावर पोरगी असते, उंच झालेली, एकच वेणी घालणारी, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून ती. पहिले काही रविवार ती नुसती पहारा देत बसायची. मग तिने एक जुनी डायरी आणली. मी समीकरणं सांगत असताना तीही खाली मान घालून काहीतरी लिहायची. मी विचारलं नाही.

परवाच्या रविवारी मी एक अवघड गणित दिलं. दोन गावांमधलं अंतर, दोन गाड्या, वेगवेगळे वेग. पोरगी अजून मांडणीच करत होती आणि तिची आई एकदम म्हणाली, "सवा दोन घंटे." मी ताडून पाहिलं. बरोबर होतं. पोरीने पेन्सिल खाली टाकली आणि आईकडे वळून पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. मग तिने आईच्या गळ्यात हात टाकून असा आरडाओरडा केला की माझ्या फोनचा आवाज फाटला. शिकवलं मी होतं. बारीकशी कळ आली, नाही असं नाही. मी ती ओळखली, दोघींचा गोंधळ संपेपर्यंत थांबले आणि पुढचं गणित वाचायला सांगितलं.